मोडी वाचता येणारं कोणी आहे का? जुन्या वेब्ली रिव्हॉल्वरच्या मुठीत चिठ्ठी सापडली आहे

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

मी मूळचा साताऱ्याचा, गेली ३८ वर्षं अमेरिकेत, ओहायोमध्ये. जुनी रिव्हॉल्वर जमवायचा नाद आहे, पण तो इथे येऊन लागलेला नाही. आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावरचे काका खंडेनवमीला पाटावर लाल कापड घालून त्यांचं लायसनचं वेब्ली पूजेला ठेवायचे, झेंडू वाहायचे, आणि पूजा झाली की आम्हा पोरांना लांब उभं करून एकदाच उघडून दाखवायचे. अंगठ्याने खिट्टी दाबली की नळी पुढे झुकते आणि सिलिंडरच्या मधली चांदणी आपोआप वर उचलली जाते, म्हणजे सहाही रिकामी काडतुसं एका झटक्यात बाहेर. तो खट्ट आवाज डोक्यात बसला तो बसलाच.

इथे पहिलं घेतलं १९९१ साली, स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १०. आज चौदा आहेत पण खरा जीव वेब्लींवर. १९१७ चं एक मार्क ६ आहे, पहिल्या महायुद्धातलं, त्याचं सिलिंडर मागून तासलेलं आहे. १९५०-६० च्या काळात इंग्लंडहून ही ढिगाने इकडे आली, त्यांची .४५५ ची काडतुसं इथे मिळेनात, मग इथल्या .४५ एसीपीच्या गोळ्या बसाव्यात म्हणून त्यातली पुष्कळशी तासून टाकली. त्या गोळीचा दाब या जुन्या लोखंडाला जास्त होतो, त्यामुळे मी ते कधीच उडवत नाही, आणि प्रत्येक वेळी हातात घेतलं की त्या तासणीचं वाईट वाटतंच.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या ऑक्टोबरमध्ये एका घरातल्या सामानाच्या विक्रीत वेब्लीचं डब्ल्यू.जी. आर्मी मॉडेल मिळालं, वरच्या पट्टीवर ‘आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल.’ कोरलेलं. म्हणजे लंडनचं आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स हे दुकान. तेव्हा ब्रिटिश अधिकारी स्वतःचं रिव्हॉल्वर स्वतःच्या पैशाने घ्यायचे आणि पुष्कळदा या स्टोअर्समधून घ्यायचे. त्यांची मुंबईतली शाखा १८९१ ची, काळा घोड्याजवळची ती इमारत तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. पण यावर मुंबईचं नाव कुठेच नाही, म्हणजे लंडनला घेतलेलंही असू शकतं.

चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं तसंच पडून होतं (कृपा करून कोणी चामड्यात ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि गंज चढतो), म्हणून मुठीच्या आतला गंज बघायला स्क्रूच्या खाचेत नेमका बसणारा पेचकस घेऊन हळूच मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या काढल्या. डाव्या पट्टीखाली चार घड्या घातलेला कागद! तेलाने तांबूस पारदर्शक झालेला, साधारण आगपेटीएवढा. उलगडला तर मोडी. चार ओळी, वर ‘श्री’ असावं, आणि शेवटच्या ओळीत मला १८३१ असा आकडा लागतो. तो शक असेल तर इसवी सन १९०९-१० होतं.

मी ते बघून बराच वेळ नुसता बसून होतो. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानंतर आपल्या माणसाला लायसनशिवाय असलं काही ठेवता येत नव्हतं, म्हणजे हे कोणा संस्थानिकाकडचं, सरदाराचं, की एखाद्या गोऱ्या साहेबाच्या हाताखालच्या कारकुनाने लिहून ठेवलेलं? आजोबा मोडी झरझर लिहायचे, आमच्यात पुढे कोणी शिकलं नाही, आणि याची खंत आज जितकी वाटतेय तितकी कधी वाटली नव्हती.

दोन्ही फोटो खाली दिलेत, एक उजेडात आणि एक मागून दिवा लावून. ज्यांना मोडी येतं त्यांनी एखादा शब्द लागला तरी सांगा, अख्खं वाचलंच पाहिजे असं नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ एकच असतं, त्यामुळे दुसऱ्या ओळीतलं नाव मी तीन तऱ्हेने वाचतोय, मुद्दामच इथे लिहीत नाही, नाहीतर तुम्हालाही तेच दिसायला लागेल. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात असे सुटे कागद घेऊन कोणी गेलंय का, फोटोवरून बघतात का की कागदच लागतो? आणि तेल प्यायलेला कागद कसा जपायचा? सध्या दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवलाय, धुवायचा किंवा पुसायचा अजिबात प्रयत्न केलेला नाही.

अपडेट: प्रतिसादांत दोघांनी विचारलंय की रिव्हॉल्वर विकणार का. नाही. यात कोणाच्या घरचं नाव निघालं आणि ती माणसं सापडली तर चिठ्ठी त्यांच्याकडे पाठवायची माझी तयारी आहे, रिव्हॉल्वर भारतात पाठवणं सोपं नाही पण त्याचे हवे तितके फोटो देईन. आधी ती दुसरी ओळ वाचून द्या.