मदत हवी आहे: जिम्नो निवडुंगाची हिरवी बाजू रंगीत बाजूला खातेय, कापू का?

मंडळी, माझ्याकडे व्हेरिगेटेड (हिरव्यात दुसरा रंग मिसळलेलं) जिम्नोकॅलिशियम मिहानोविची, म्हणजे जिम्नो, आहे, ड्रॅगन फ्रूटच्या खुंटावर (खालच्या, मुळं असलेल्या झाडावर) कलम केलेलं. आणलं तेव्हा सुपारीएवढं होतं. आठ फासळ्यांपैकी तीन काळपट हिरव्या, बाकींवर केशरी पट्टे, कुणी ओल्या कुंचल्याने ओढल्यासारखे. तासभर बघत बसावं असं!

आता दोन वर्षांनी हिरवी बाजू जोरात वाढतेय. साहजिकच आहे, हरितद्रव्य तिच्याकडेच जास्त. त्यामुळे अख्खं डोकं रंगीत बाजूकडे कललंय. दोन पिल्लंही आलीत: हिरव्या फासळीवरचं संपूर्ण हिरवं, सीमेवरचं अर्धंअर्धं. हिरवं पिल्लू लगेच खुडावं का? की मूळ झाडाला तेवढाच आधार, म्हणून राहू द्यावं? जीव होत नाही, खरं सांगते.

दुसरी काळजी खुंटाची. बुडाशी तपकिरी, खरखरीत झालाय. बोटाने दाबला तर टणक लागतो, म्हणजे कूज नसावी. पण हा खुंट फार वर्षं टिकत नाही आणि थंडीही सोसत नाही. पूर्ण लाल किंवा पिवळं असतं तर खुंटाशिवाय जगलंच नसतं, तेव्हा प्रश्न नव्हता. यात बऱ्यापैकी हिरवं आहे, म्हणून स्वतःच्या मुळांवर उतरवायचा विचार आहे.

कुणी असं उतरवलंय का? काप सुकायला किती दिवस दिलेत? मुळं फुटेपर्यंत नुसता प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) पुरतो का? आणि नव्या खुंटावर पुन्हा कलम करणं जास्त सुरक्षित वाटत असेल, तर कोणता खुंट घ्यावा?