मदत हवी आहे: मरिनर्सचे 2026 मधले विजय किती धरू?

मंडळी, हंगामाआधी मित्रांमध्ये पैज आहे: सिएटल मरिनर्स हा अमेरिकन बेसबॉल संघ हंगामातल्या 162 पैकी किती सामने जिंकेल? पैसे नाहीत, फक्त फुशारकी.

मी बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक बिल जेम्सचं, धावांवरून विजयांचं प्रमाण काढणारं सूत्र वापरलं: केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. 2022 ला (690 केल्या, 623 दिल्या) 162 ने गुणून उत्तर 89 विजय येतं, प्रत्यक्षात 90. झकास. पण 2021 ला 697 आणि 748, म्हणजे जेमतेम 75, आणि संघ जिंकला 90! एका धावेच्या फरकाचे सामने 33-19 (विजय-पराभव) असे खेचले होते. असं नशीब दरवर्षी मी तरी धरणार नाही.

खरं घोडं अडलंय संघाचा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) कॅल रॉलीपाशी. 2023 ला 30 होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर मारलेले फटके), मग 34, आणि 2025 ला एकदम 60. तिन्ही वर्षांना 3-4-5 असं वजन दिलं (ताज्या वर्षाला जास्त) की 2026 साठी 44 निघतात. कॅचरची उठबस बघता मला तेही जास्त वाटतात.

सराव सामन्यांचे आकडे कृपया सुचवू नका. ते ॲरिझोनात होतात, तिथल्या कोरड्या हवेत चेंडू लांब उडतो, सिएटलच्या गारठ्यात नाही. माझ्याकडे फक्त एक्सेल आहे, प्रोग्रॅमिंग येत नाही. दहा धावांना साधारण एक विजय, हे माहीत आहे.

तर 44 हा आकडा लीगच्या सरासरीकडे आणखी खाली ओढावा का, आणि किती? शिवाय एक होमरन कमी झाला की संघाच्या किती धावा वजा करायच्या?