गोठा कधी उतरवायचा?

धाकटे काका: सर्वांना नमस्कार. नाताळ आनंदात पार पडला. उद्या सगळे घरी आहेत, तेव्हा झाड, चांदणी आणि येशूजन्माच्या गोठ्याचा देखावा उतरवून खोक्यांत भरून टाकावा, असे मला वाटते. नंतर हे काम एकट्यादुकट्यावर पडते. कोणाची हरकत असल्यास आजच कळवावे.

थोरल्या आत्या: भाऊ, माझी हरकत आहे. आगमनकाळाचे चार आठवडे ज्या दिवसाची वाट पाहिली, तो उजाडला की लगेच आवराआवर सुरू करायची, हे मला पटत नाही. इ.स. ५६७ मध्ये फ्रान्समधल्या तूर येथे भरलेल्या धर्मसभेने ख्रिस्तजन्मापासून प्रकटीकरणाच्या सणापर्यंतचा, म्हणजे ६ जानेवारीपर्यंतचा, सारा काळ सणाचा मानला, आणि त्यातल्या दिवसांना आपापला अर्थ आहे. २६ डिसेंबर हा श्रद्धेसाठी प्राण देणारे पहिले रक्तसाक्षी संत स्तेफन यांचा. २७ तारीख संत योहान यांची. जर्मन भाषक प्रदेशांत त्या दिवशी द्राक्षारसाला आशीर्वाद देऊन तो घरी वाटून पितात. २८ तारीख हेरोद राजाने मारलेल्या बालकांची. बाळाच्या जन्माचा आनंद ताजा असतानाच ज्या घरांतली बाळे गेली त्या घरांची आठवण काढायला लावणारा हा दिवस मला फार मोलाचा वाटतो. आपल्या कुटुंबातही अशी आठवण बाळगणारी माणसे आहेत. त्यांना त्या दिवशी आवर्जून फोन करावा.

आणि बाळाच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या मागी, म्हणजे ज्ञानी लोकांचे काय? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात ते घरात गेल्याचे लिहिले आहे, म्हणजे मेंढपाळांच्या मागोमाग ते गोठ्यात पोहोचले असे नव्हे. म्हणून अनेक कुटुंबांत त्यांच्या मूर्ती आधी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवतात आणि रोज वीतभर पुढे सरकवतात. माझ्या घरी हे काम मुलांकडे असते. एका उंटाचा पाय मोडला होता, तो मेणाने चिकटवला आहे. त्याला सरकवताना धाकटी दोन्ही हातांनी धरते आणि श्वाससुद्धा रोखते. गोठा उद्या उतरवला, तर ते तिघे पोहोचणार कुठे?

दादा: आत्या, मूर्तींचे पटले. पण २ तारखेपासून सर्वांची कामे सुरू होतील. ६ जानेवारीला नेमके करायचे काय, ते सांगाल का?

थोरल्या आत्या: एक खडू पुरेसा आहे, बाळा. मध्य युरोपात त्या सुमारास दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीवर आशीर्वाद दिलेल्या खडूने सी, एम, बी ही अक्षरे लिहितात आणि दोन्ही टोकांना वर्षाचे दोन-दोन आकडे मांडतात. कास्पर, मेल्खिओर आणि बाल्थाझार या परंपरेतल्या तीन नावांची ती आद्याक्षरे मानतात. शिवाय ‘ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो’ या अर्थाच्या लॅटिन वाक्याचीही तीच आद्याक्षरे आहेत. घरातल्या सर्वात लहान मुलाला खांद्यावर घेऊन त्याच्या हातून अक्षरे लिहवून घ्यावीत आणि एक प्रार्थना म्हणावी. दहा मिनिटांचे काम आहे.

काकू: वन्सं, तुमचे म्हणणे मला मनापासून मान्य आहे, फक्त त्यात एक भर घालते. आयर्लंडमध्ये ६ जानेवारीला ‘बायकांचा नाताळ’ म्हणतात. सणभर राबलेल्या बायका त्या दिवशी एकमेकींकडे जातात आणि त्या दिवसापुरते घरकाम पुरुषांनी करायचे, अशी तिथली जुनी रीत आहे. पंधरा दिवस आपल्या घरात पाहुण्यांची अंथरुणे कोणी घातली आणि भांडी कोणी आवरली, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून माझी विनंती आहे की गोठा ६ तारखेच्या संध्याकाळी पुरुषांनी आणि मुलांनी मिळून उतरवावा. तेव्हा आम्ही जावा-नणंदा एकत्र बसू.

दादा: काकू, रास्त आहे. मी त्या संध्याकाळी लवकर येईन.

धाकटे काका: मी सूचना मागे घेतो. खरे सांगायचे तर मला झाडाची काळजी होती, कारण सुकलेल्या फांद्यांना दिव्यांच्या माळेपासून आग लागण्याचा धोका असतो. तेव्हा झाड वाळताच ते बाहेर न्यावे, गोठा आणि चांदणी मात्र तशीच राहू द्यावी. खोकी मी वरच्या फळीवर परत ठेवली आहेत. मूर्ती गुंडाळायला जुने सुती कापड लागेल, कागदाने रंग खरवडला जातो. ज्यांच्याकडे असेल त्यांनी ६ तारखेला सोबत आणावे.

थोरल्या आत्या: कापड माझ्याकडे आहे, भाऊ. उंट मात्र मी स्वतः गुंडाळीन.