रुक्ष केसांचा गुंता सोडवायला सौम्य स्किन क्लेन्झर: कोरड्या केसांवर की ओल्या, किती, आणि नंतर काय?

निसरडी_बट

केस कमरेपर्यंत, लाटदार, खालचे चार-पाच इंच ब्लीच करून रंगवलेले. मानेपाशी, कॉलर घासते त्या पट्ट्यात, दिवसाआड गुंता होतो. सुगंधी कंडिशनरने टाळू खाजते, म्हणून लोशनसारखा पांढरा, फेस न करणारा, बिनवासाचा स्किन क्लेन्झर गुंता सोडवायला वापरायचा विचार आहे. चालतो असं बऱ्याच ठिकाणी वाचलं, पण नेमकं कुणी लिहीत नाही.

कोरड्या केसांवर लावायचा की ओल्या? किती लागतो? गुंता सुटल्यावर धुवायचा की तसाच ठेवायचा? आणि ‘सौम्य’ लिहिलेला कोणताही चालेल का? घरात एक लोशनसारखा आहे, एक पारदर्शक जेल.

लेबलवाचक

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण निम्मं काम तिथेच बिघडतं. जेल बाजूला ठेवा. ‘सौम्य’ हे त्वचेच्या हिशेबाने लिहिलेलं असतं. गुंता सुटायला हवा निसरडेपणा, आणि लोशनसारख्या क्लेन्झरमध्ये तो मेणचट अल्कोहोलांमुळे येतो. लेबलवर सीटाइल, स्टिअरिल किंवा सीटिअरिल अल्कोहोल पहिल्या चार-पाच घटकांत दिसलं पाहिजे. स्पिरिटसारखी उडून जाऊन केस कोरडे करणारी अल्कोहोलं वेगळी. ही खोलीच्या तापमानाला पांढरी, मेणासारखी घट्ट असतात आणि जवळपास प्रत्येक कंडिशनरमध्ये असतात. जोडीला ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल असलं की घसरण आणखी वाढते. पारदर्शक जेलमध्ये बहुधा मेणचट अल्कोहोल नसतंच. फेस आणणारे घटक मात्र भरपूर असतात, ते केसावरचं उरलंसुरलं तेल काढून घेतात आणि गाठ आणखी घट्ट होते.

लेबल कळत नसेल तर सोपी चाचणी: दोन ओल्या बोटांत वाटाण्याएवढा क्लेन्झर घ्या आणि चोळा. लगेच फेस आला आणि बोटं एकमेकांना धरायला लागली तर तो या कामाचा नाही. वीस-पंचवीस वेळा चोळूनही बुळबुळीत राहिला तर चालेल.

सॅलिसिलिक किंवा ग्लायकॉलिक आम्लवाला, दाणेदार स्क्रबवाला घेऊ नका. बेन्झॉइल पेरॉक्साइडवाला तर अजिबात नाही, तो रंग उडवतो.

ब्रँडच्या नावावरही विसंबू नका. सेटाफिलच्या सौम्य क्लेन्झरच्या जुन्या सूत्रात सीटाइल अल्कोहोल, प्रोपिलीन ग्लायकॉल आणि सफाईसाठी सोडियम लॉरिल सल्फेट होतं. नव्यात ग्लिसरीन, सीटिअरिल अल्कोहोल आणि सफाईसाठी सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट आहे. बाटली जवळपास तशीच, आतला माल वेगळा. जुने सल्ले जुन्या मालावरचे आहेत.

आता मर्यादा. केसाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, ब्लीच केलेल्या टोकांवर जास्तच. कंडिशनरमधले धनभारित घटक (बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, सीट्रायमोनियम क्लोराइड वगैरे) त्याला चिकटून बसतात, पाण्याने धुतलं तरी थोडे राहतात. क्लेन्झरमध्ये सहसा तसं काही नसतं. तो विंचरेपर्यंत वंगण म्हणून काम करतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. त्यामुळे गुंता सुटेल, पण केस मऊ होतील ही अपेक्षा ठेवू नका.

रुंददाती

लेबलवाचकांशी सहमत. आता कृती लिहिते.

आधी शाम्पू करायचा नाही. डोकं पाण्याखाली धरून केस वर गोळा करून चोळले की गळून आत अडकलेले केस सुट्या केसांभोवती आवळले जातात. मोठी जट एका धुण्यात बसू शकते. आधी वंगण, मग पाणी, हा क्रम मोडू नका.

केस चार भागांत करा: मधोमध भांग आणि कानाच्या वरून आडवी रेघ. मानेपाशी गुंता असल्यामुळे मागचे दोन भाग पुन्हा अर्धे करा, म्हणजे एकूण सहा. काम चालू नसलेले पाच क्लिपने वर अडकवा.

कमरेपर्यंतच्या मध्यम दाट केसांना एकूण ४०-५० मिली पुरतो, फार दाट असतील तर ७०. एका भागाला साधारण दीड चमचा (चहाचा चमचा, ५ मिलीचा). त्यातला एक चमचा तळव्यांवर पसरून कानाच्या पातळीपासून टोकांपर्यंत दाबत न्या. चोळू नका, चोळण्यानेच नवा गुंता होतो. उरलेला अर्धा चमचा थेट गाठीवर, बोटांच्या टोकांनी आत ढकलायचा. टाळूवर लावण्याचं काही कारण नाही.

तीन ते पाच मिनिटं थांबा. मग स्प्रेच्या बाटलीने साध्या पाण्याचे तीन-चार फवारे. केस दमट व्हावेत, ठिबकू नयेत. मध्येच ओढ वाटायला लागली तर आणखी क्लेन्झर नको, आणखी एक फवारा मारा. बहुतेक वेळा क्लेन्झर कमी पडलेला नसतो, नुसता सुकलेला असतो.

आता बोटं. गाठीच्या वर, टाळूच्या बाजूला, बट मुठीत घट्ट धरा म्हणजे ओढ मुळापर्यंत जात नाही. गाठीच्या मध्यावर हल्ला करू नका. कांद्याचे पापुद्रे काढावेत तसे कडेचे चार-पाच केस सुटे करून बाजूला घ्यायचे, मग पुढचे. बोटांना गाठ सैल लागली की रुंद दातांचा कंगवा, दातांत पाच-सहा मिलिमीटर फट असलेला. शेवटच्या पाच सेंटिमीटरपासून सुरुवात. तिथे सरळ उतरला की पाच सेंटिमीटर वर. टोकाला गोळ्या असलेला नायलॉनचा ब्रश या टप्प्यावर नको, गोळ्यांमागे केस अडकतात.

कान उघडे ठेवा. कंगव्यातून ‘टिक टिक’ ऐकू आलं तर केस तुटताहेत. थांबा, पुन्हा बोटांनी सोडवा.

भाग झाला की सैल वेणी घालून क्लिप लावा, नाहीतर पुढच्या भागात मिसळतो. सगळं झाल्यावर वेण्या न सोडता कोमट पाण्याखाली, केस खाली लोंबकळत ठेवून धुवायचं, प्रत्येक वेणी वरून खाली दाबत. मग वेण्या सोडून पुन्हा एकदा पाणी. टाळूला शाम्पू करायचा तर या टप्प्यावर, आणि तोही टाळूपुरताच.

कुरळे_रान

कोरडे की ओले, यावर थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सरसकट उत्तर नाही.

ओला केस फुगतो, त्याचे आतले हायड्रोजन बंध सुटतात, तो जास्त ताणला जातो आणि कमी जोरात तुटतो. सरळ केस ओले असताना विंचरायला जास्त जोर लागतो. म्हणून सरळ केसवाल्यांना ‘वाळल्यावर विंचरा’ सांगतात ते बरोबर आहे. घट्ट कुरळ्यांचं उलट. कोरडे असताना वळणं एकमेकांत अडकतात, ओले आणि निसरडे असताना ती थोडी सरळ होऊन कंगवा जातो. त्यांनी आधी केस दमट करून मग क्लेन्झर लावला तरी चालतो, फक्त गाठीवर थेट धार सोडू नये.

तुमचे लाटदार आहेत आणि टोकं ब्लीच केलेली, म्हणजे दोन्हींच्या मधले. ब्लीचने केसावरचा नैसर्गिक मेदाचा अगदी पातळ थर जातो, घर्षण वाढतं, आणि असा केस ओला असताना सर्वात कच्चा. म्हणून वर दिलेला क्रम तुम्हाला योग्य: कोरड्यावर क्लेन्झर, मग थोडंसं पाणी. फक्त वरच्या न रंगवलेल्या भागात जेवढी ओढ चालते तेवढी टोकांना देऊ नका.

एकट्या केसावर पडलेली बारीक गाठ असते ना, वाळूच्या कणाएवढी, ती कशानेही सुटत नाही. धारदार कात्रीने गाठीच्या लगेच वर कापा. बोटाने ओरबाडून तोडली की टोक दुभंगतं.

निसरडी_बट

सर्वांचे आभार. पाचही सैल भाग व्यवस्थित सुटले. मानेमागच्या सहाव्यात सुपारीएवढी जट राहिली आहे. दुसरं म्हणजे वाळल्यावर टोकं मेणचट लागतात आणि कंगव्याच्या दातांत पांढरं काहीतरी जमतं. फणी फिरवली की भुरभुरतं. कोंडा नाही, टाळू स्वच्छ आहे. आणि बाथरूममध्ये केसांचा केवढा गोळा निघाला, तेही जरा पाहा.

लेबलवाचक

पांढरं म्हणजे न धुतली गेलेली मेणचट अल्कोहोलं. तीन कारणं असतात: प्रमाण जास्त झालं, पाणी गार होतं, किंवा वेणी आतपर्यंत धुतली गेली नाही. पुढच्या वेळी पाणी अंगाला कोमट लागेल इतकं, आणि वेण्या सोडल्यावर निदान दोन मिनिटं धार. आत्ता जे बसलंय त्यासाठी दहा मिली बिनवासाचा शाम्पू शंभर मिली पाण्यात मिसळून फक्त टोकांवरून ओता, बोटं फिरवा, धुवा. पूर्ण शाम्पू टोकांना चोळू नका, आजची मेहनत वाया जाईल.

नंतर टोकांना कंडिशनर हवाच. खाज सुगंधाने येत असेल तर सुगंधरहित, बेहेनट्रायमोनियमवाला घ्या आणि कानाच्या खालीच लावा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहा. हीच चाचणी क्लेन्झरचीही करा. सुगंध नसला तरी प्रिझर्व्हेटिव्ह, प्रोपिलीन ग्लायकॉल, क्वचित सीटिअरिल अल्कोहोलही काही जणांना खुपतं. चाचणीतही खाज आली तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट (संशयित घटक त्वचेवर पट्टीने लावून पाहण्याची चाचणी) करून घ्या, कारण मग दोष सुगंधाचा नसेलही.

रुंददाती

केसांच्या गोळ्याला घाबरू नका. रोज ५० ते १०० केस गळणं सामान्य आहे, आणि गुंत्यात दोन-चार दिवसांचे अडकून राहतात. ते सगळे एकदम बाहेर येतात. गोळ्यातले दहा-बारा केस वेगळे काढून उजेडात बघा. पूर्ण लांबीचा, एका टोकाला बारीक पांढरा दाणा असलेला केस म्हणजे गळलेला. आखूड, दाणा नसलेला म्हणजे तुटलेला. तुटलेलेच जास्त दिसले तर कंगवा घाईत फिरला.

सुपारीएवढ्या जटेसाठी: ती आता वाळली असेल, ओली न करता कोरडीच ठेवा. एक चमचा क्लेन्झर फक्त तिच्यावर, दहा मिनिटं, मध्ये एकदा फवारा. मग शेपटीवाल्या कंगव्याची शेपटी (टोकदार नव्हे, गोल टोकाची) जटेच्या खालच्या कडेत घालून केस बाहेरच्या बाजूला ओढा, वर नाही. पंधरा-वीस मिनिटांत सैल झाली नाही तर कात्री, पण आडवी नाही. केसांच्या दिशेने, उभी, जटेच्या मधोमध एक चीर द्या. जट दोन अरुंद भागांत मोकळी होते आणि त्यात बरेचसे आधीच गळलेले केस कापले जातात. आडवी चालवलीत तर त्या जागी चांगल्या केसांचं भगदाड पडेल.

उंबरठा

रात्रभर लावून ठेवल्याने जास्त फायदा होतो का? एका ठिकाणी तसं वाचलं.

लेबलवाचक

गुंत्यासाठी नाही. तो सल्ला उवांवरून आलाय. २००४ मध्ये ‘पीडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकात एक पद्धत छापून आली: लोशन डोकंभर लावायचं, जास्तीचं विंचरून काढायचं, ड्रायरने केसांवरच वाळवायचं, निदान आठ तासांनी धुवायचं, आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. लोशन वाळून उवांचा श्वास कोंडावा ही कल्पना. ते लोशन म्हणजे सेटाफिलचा क्लेन्झरच होता, हे नंतर जाहीर झालं. तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने त्यावर टीकाही झाली.

गुंत्यासाठी वाळवलात तर नेमकं नको ते होतं: घसरण संपते, केस एकमेकांना चिकटून ताठ होतात. शिवाय त्यातले सफाईचे घटक तासन्‌तास टाळूवर राहिले तर कोरडेपणा आणि चुरचुर. लावल्यापासून धुईपर्यंत तास-सव्वा तास, त्याच्या वर नको.

कुरळे_रान

एक राहिलं. कुणी क्लेन्झर पाण्यात मिसळून स्प्रेच्या बाटलीत भरून ठेवायला सांगेल. ठेवू नका. पाणी घातलं की त्यातलं प्रिझर्व्हेटिव्हही पातळ होतं आणि मिश्रण खराब होऊ शकतं. झँथन गम (घट्टपणा आणणारा घटक) असलेल्या क्लेन्झरने नोझलही तुंबतं. पातळच हवा असेल तर वाटीत एकास एक, तेवढ्यापुरतं कालवा आणि उरलेलं त्याच दिवशी ओतून द्या. मानेपाशी परत गुंता होऊ नये म्हणून खरखरीत कॉलर असेल त्या दिवशी केस सैल वेणीत, आणि वेणी कॉलरच्या बाहेर.