अकरा महिन्यांची सही आणि दोन महिन्यांचा मुक्काम: यात फसवणूक आहे का?

वाशिष्ठीकाठ:
आईचं रेडिएशन आहे. आठवड्याचे पाच दिवस, सात आठवडे, म्हणजे पस्तीस वेळा परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला हजर राहायचं. रोजचं काम पंधरा-वीस मिनिटांचं, पण चिपळूणहून रोज कोण येणार? म्हणून परळ, शिवडी, दादर भागात दोन महिन्यांसाठी वन-आरके शोधतोय. ॲपवरची रोजाच्या भाड्याची घरं बघितली आणि पन्नास दिवसांचा गुणाकार करून ॲप बंद केलं. तीन एजंट झाले. तिघांचं पालुपद एकच: "दोन महिन्यांसाठी कोणी देत नाही. अकरा महिन्यांचा करार करा, महिनाभरात नोटीस द्या. मालकाला आधी काही बोलू नका."

मला यात गैर वाटत नाही. एक महिन्याच्या नोटिशीचं कलम करारात मालकानेच लिहिलेलं असतं. ते वापरलं तर फसवणूक कशी? बायको म्हणते, मनात एक ठेवून सही दुसरीवर केली की फसवणूकच. तुमचं मत सांगा.

माहीमची खिडकी:
वहिनींचं बरोबर आहे. माझी एक खोली मी भाड्याने देते, घरखर्चाचा मोठा भाग त्यातून निघतो. भाडेकरू गेला की सफाई, नळ-पंख्यांची दुरुस्ती, परत एजंट, परत पोलिसांकडे माहिती, परत सेक्रेटरीसमोर उभं राहणं. तेवढ्यात महिनाभर खोली रिकामी. गेल्या वर्षी एकाने नेमकं हेच केलं. सव्वादोन महिन्यांत चावी हातात ठेवली आणि वर म्हणाला, "करारात आहे ना!" तेव्हापासून मी सहा महिन्यांचा लॉक-इन टाकते, म्हणजे तोवर खोली सोडता येत नाही. तुम्ही असं केलंत की तुमच्यामागून येणाऱ्या पेशंटच्या माणसांना दार बंद होतं. खरं सांगितलं असतंत तर एखाद्याने दिलीही असती.

वाशिष्ठीकाठ:
ताई, खरं सांगूनच सुरुवात केली होती. पहिल्याने "पेशंट आहे" ऐकताच फोन ठेवला. दुसरा म्हणाला, सोसायटीला चालणार नाही, लोक घाबरतात. तिसऱ्याने आजाराचं विचारलंच नाही, मासे करता का ते विचारलं. आम्ही दाभोळ खाडीची माणसं, काय सांगणार? खरं बोलण्याची किंमत तीन घरं झाली. चौथ्यालाही तीच मोजू?

तिरफळ:
आमच्या गावच्या मंडळाची लालबागला खोली आसा. घर आसताना भाडा कित्या? गिरणीच्या काळात एकेका खोलीत वीस-वीस जण राहायचे, पाळीपाळीने झोपायचे, खाणावळीत जेवायचे. तुमच्याही गावची असेल, चौकशी करा. हल्ली प्रत्येकाला स्वतंत्र फ्लॅट हवा.

आंबोळीवाली:
तिरफळ काका, वीस जण राहायचे ते धडधाकट होते. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही अशाच खोलीत उतरलो होतो. माणसं सोन्यासारखी, पण संडास चाळीच्या टोकाला आणि रात्री चार-चार वेळा उठणं. तिसऱ्या रात्री त्या जिन्यापाशी बसल्या आणि म्हणाल्या, मला गावी ने. नातेवाइकांचंही तेच. डोंबिवलीच्या मामाकडे राहून सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये पेशंटला चढवून दाखवा, मग स्वतंत्र फ्लॅटच्या चैनीवर बोलू.

वाशिष्ठीकाठ, परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, बाहेरगावच्या रुग्णांची राहायची सोय करते. दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. दोन्हीकडे गर्दी असते, तरी आधी तिथे विचारा. आणि टाटाचंच खारघरला ॲक्ट्रेक नावाचं कॅन्सर केंद्र आहे. रेडिएशन तिथे होऊ शकेल का ते डॉक्टरांना एकदा विचारून बघा. ठरवणार तेच, पण विचारायला काय जातं? भाडं परळपेक्षा कमी आणि मांडवी एक्सप्रेसने आलात तर पनवेललाच उतरायचं.

अंगठा-मशीनवाला:
मी करार नोंदणीचं काम करतो, घरोघरी जाऊन बोटांचे ठसे घेतो. सगळे अकरा-अकरा करताय, पण हा आकडा आला कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून मोठ्या मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. ती टाळायला देशभर लोक अकरा महिन्यांवर थांबले. महाराष्ट्रात ती पळवाटच नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपला नेहमीचा घरभाड्याचा, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत दोन महिन्यांची असली तरी. जबाबदारी मालकाची; नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे आपल्याकडे अकरा ही नुसती सवय आहे.

तेव्हा करार सरळ दोन महिन्यांचा करा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवायचं. महिना ३०,००० भाडं आणि एक लाख डिपॉझिट धरलं तरी दोन महिन्यांचं शुल्क दोनशेच्या आत. नोंदणी फी शहरात १,०००. माहीमच्या ताई, मुदत संपूनही माणूस हलला नाही तर कलम २४ खाली दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते. भीती कसली?

माहीमची खिडकी:
दुप्पट भाडं कागदावर असतं हो. ते मागायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, तारखा, हेलपाटे. तुम्ही ठसे घेऊन निघून जाता, मी तिथेच राहते. शिवाय जागा भाड्याने दिली म्हणून सोसायटी नॉन-ऑक्युपन्सीचे पैसे लावते ते वेगळेच.

अंगठा-मशीनवाला:
ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. शासनाचा आदेश २००१ चा आहे, सेक्रेटरींना दाखवा. हेलपाट्यांचं मात्र मान्य.

दोन चाव्या:
मी एजंट, शिव्या खायला आलोय. अकरा महिन्यांच्या करारावर एक महिन्याचं भाडं ही माझी दलाली. दोन महिन्यांच्या करारावर तेवढीच मागितली तर तुम्ही लुटारू म्हणता, अर्धी घेतली तर माझे पेट्रोलचे पैसे सुटत नाहीत. जागा दाखवायला तेवढेच जिने चढतो. म्हणून "अकराचा करा" सांगतो.

आंबोळीवाली:
मग उघड मागा ना पूर्ण महिन्याची! पेशंटचं माणूस देतं. तुम्ही तुमची दलाली सांभाळायला त्यांना खोटं बोलायला लावता आणि पाप त्यांच्या माथी. या धाग्यात फसवणूक कुठे आहे ते मला तरी इथे दिसतं.

तिरफळ:
हे बाकी खरं. जिन्याचं वाचून गप्प झालो. आमच्या खोलीलाही संडास बाहेरच आहे.

वाशिष्ठीकाठ:
धर्मशाळेत नाव दिलंय, मोठी रांग आहे. खारघरचं डॉक्टरांनी नाही म्हटलं, मशीन परळचंच ठरलंय. सोमवारी शिवडीला एक खोली बघतोय. मालक स्वतः भेटणार आहे. आधी दोन महिन्यांचा करार मागणार, आजाराचंही सांगणार, वर पंधरा दिवसांचं भाडं जास्त देतो म्हणणार. तरी नाही म्हणाला, तर पुढच्या जागी, करारात लॉक-इन नसला की, मी अकराच्या करारावर सही करणार आणि गप्प बसणार. ताई, तुम्हाला पटणार नाही. बायकोलाही पटलेलं नाही. आईची पहिली तारीख पुढच्या गुरुवारची आहे.

माहीमची खिडकी:
नाहीच पटलं. डिपॉझिट चेकने द्या, रोख देऊ नका. चावी घ्यायच्या आधी पाण्याची वेळ विचारा, शिवडीला कुठे कुठे पहाटेच येतं.