डुलॅली आणि डोक्याला ताप

कुलकर्णी काकू (बी-२०४): मुलीचा लंडनहून फोन होता. ऑफिसात प्रिंटर अडकला की तिचा साहेब म्हणतो, 'गॉन डुलॅली'. म्हणजे डोकं फिरलं म्हणे. हा शब्द आपल्या देवळालीवरून आलाय, खरं का?

देशमुख (ए-७०१): 😂 काहीही. फॉरवर्ड असणार.

पाटील सर (सी-३०३): नाही हो, खरं आहे. नाशिकजवळचं देवळाली कॅम्प. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी तिथे लष्करी तळ उभारला. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई विलायतेला जाण्याआधी तिथे येऊन पडायचे. गोची अशी की त्यांना नेणारी जहाजं हिवाळ्याच्या हंगामातच सुटायची. मुदत एप्रिलात संपली तर बसा अख्खा उन्हाळा-पावसाळा काढत! धड काम नाही, कवायत नाही. मग दारू, मारामाऱ्या, मलेरिया.

गोखले काका (बी-५०२): तिथे वेड्यांचं इस्पितळ होतं, म्हणून शब्द आला असं ऐकून होतो.

पाटील सर: तसंही सांगतात. पण मला रिकामपणाचंच कारण पटतं. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या इंग्रजी फौजेतल्या शिपायाने १९३६ च्या आपल्या आठवणींत लिहिलंय, की वर्षानुवर्षं कडक शिस्त पाळलेली माणसंसुद्धा देवळालीत येऊन बिघडायची. आणि मूळ शब्द नुसता डुलॅली नाही, 'डुलॅली टॅप'.

कुलकर्णी काकू: टॅप म्हणजे नळ?

गोखले काका: नळाचं नाव काढू नका, सकाळपासून पाणी नाही 😡

पाटील सर: नळ नाही काकू, ताप! आपलाच. हिंदुस्थानीतला 'तप', संस्कृतातला 'ताप'. देवळालीचा ताप चढला, म्हणजे माणूस भ्रमिष्ट झाला. पुढे इंग्रजांनी ताप गाळला, गाव ठेवलं.

वाणी वहिनी (ए-४०२): माझं माहेर भगूर, कॅम्पला लागूनच! आता तिथे तोफखान्याची शाळा आहे. सराव सुरू झाला की आमच्या फडताळातली भांडी वाजायची. आजी म्हणायची, "मेल्यांनी डोक्याला ताप दिलाय." तिला हे इंग्रजी कुठून ठाऊक 😄

देशमुख: बरं, मागे घेतो. सेक्रेटरी, लिफ्टचं काय? तीन आठवडे वाट बघतोय, ए विंग पार डुलॅली झालीय.

सेक्रेटरी: माणूस ६ नंतर येतोय. कृपया टॅप देऊ नये 🙏