अंगणातला सागवानी बाक: पावसाची उघडीप मिळाली तर रंगवावा का?

उचगावकर: कोल्हापूर. अंगणात चार फुटी सागवानी बाक. जुन्या ऑइलपेंटचे पोपडे निघालेत, उघडं लाकूड राखाडी पडलंय, पायांना काळी बुरशी. गणपतीआधी रंगवायचाय. दोन दिवस उघडीप मिळाली की प्रायमर मारावा का? पेंटर म्हणतो, चालतंय की.

रंधा_पटाशी: नाही चालत. लाकूड वरून सुकलं तरी आत ओल राहते. रंगावर ऊन पडलं की ती वाफ होऊन वर ढकलते आणि फोड येतात. लाकडातली ओल मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरवर 15 टक्क्यांच्या आसपास हवं. 18 च्या वर असेल तर ब्रश उचलूच नका. ऑगस्टमध्ये आपल्याकडे उघड्यावर तेवढं सुकणं अवघड. बाक पडवीत विटांवर ठेवा, पंखा सोडा, आणि तोवर घासाई उरका.

घासाईतच खरं काम आहे. राखाडी थर म्हणजे उन्हाने मेलेले तंतू. रंग त्यांना धरतो आणि त्यांच्यासकट सुटतो. पोपडे पत्र्याने खरवडा, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, नंतर 120, कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेने. तपकिरी लाकूड दिसेपर्यंत थांबू नका. बुरशी आधी साबणपाण्याने घासून धुवा, नाहीतर रंगाखालून परत डोकावते.

ब्रश_चार_इंची: सागवान तेलकट असतं, म्हणून प्रायमरच्या आधी टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. पायांचे तळवे विसरू नका, पाणी तिथूनच चढतं. बाक उलटा करून तळव्यांना प्रायमरचे तीन हात. बाकी एक हात प्रायमर, दोन हात ऑइलपेंट, पातळ. जाड हात दमट हवेत वरून साय धरतो, आतून चिकट राहतो. दोन्ही अर्धा-अर्धा लिटर पुरे. सकाळचं दव उडाल्यावर सुरू करा, दुपारी तीनला थांबा. ओल्या रंगावर दव पडलं की चकाकी जाते.

आणि भेगांत भिंतीची पुट्टी नको, ती लाकडाबरोबर हलत नाही, तडकते. वुड फिलर घ्या.

उचगावकर: मग गणपतीत बाक तसाच?

रंधा_पटाशी: घासलेला बाक पडवीत वाईट दिसत नाही. वरून प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. रंग परतीचा पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात. पेंटरला तेव्हाच बोलवा, दिवाळीच्या तोंडावर तो मिळायचा नाही.